शेकाआधीचा माणूस

२०२१च्या मे महिन्यात अर्धी दिल्ली एका पुडीच्या मागे लागली होती. पाण्यात विरघळवून प्यायची पावडर, नाव २-डीजी. १ मे रोजी औषध महानियंत्रकांनी कोविडच्या रुग्णांसाठी तिच्या तातडीच्या वापराला परवानगी दिली आणि १७ मेला संरक्षणमंत्री आणि आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते पहिली खेप बाहेर पडली. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘डीआरडीओत कुणाची ओळख आहे का’ हा प्रश्न दिवसातून चारदा यायचा. कोविडवर ती कितपत लागू पडली हा वाद मी डॉक्टरांवर सोडते. मला मात्र तिचं नाव ऐकून तिमारपूर आठवलं. कोविडच्या पंचवीसेक वर्षं आधी ही पावडर मेंदूच्या गाठीच्या रुग्णांना किरणांचा शेक (रेडिएशन) द्यायच्या आधी पाजून पाहिली होती, आणि तेव्हा तिच्यासाठी कुणी ओळखी काढत नव्हतं.

तिमारपूर म्हणजे उत्तर दिल्लीतलं इन्मास, याच डीआरडीओची, म्हणजे संरक्षण खात्याची, अणुवैद्यक संस्था. १९५६ साली एका छोट्या किरणोत्सर्ग कक्षातून सुरुवात, १९६१पासून आजचं नाव. इथल्या डॉ. विनय जैन यांच्या गटाचं म्हणणं असं की गाठीच्या पेशी साखरेवर अधाशासारख्या जगतात. २-डीजी दिसायला साखरच. पेशी ती आत ओढून घेते, पण जाळून तिच्यातून ताकद काढू शकत नाही. नेमका त्याच वेळी शेक दिला, तर किरणांनी तुटलेला डीएनए सांधायला गाठीपाशी बळ उरत नाही. जैन आणि एम्सचे डॉ. बी. के. मोहंती यांच्या गटाने १९९६ साली २० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅम पावडर पोटात, मग सगळ्या डोक्याला ५ ग्रेचा शेक (ग्रे हे किरणमात्रेचं माप), आठवड्यातून एकदा, असे चार आठवडे. थोड्या विश्रांतीनंतर फक्त गाठीच्या जागेला सात हप्त्यांत १४ ग्रे. पावडर घेतली की साखर उतरल्यासारखं व्हायचं: घाम, भूक, भोवळ.

यातली ५ ग्रे ही संख्या माझ्या डोळ्यांत खुपते. एरवी मेंदूच्या गाठीला एका वेळचा शेक १.८ ते २ ग्रेच्या आसपास ठेवतात, कारण एका बैठकीची मात्रा जितकी मोठी तितकी निरोगी मेंदूला उशिरा होणारी इजा मोठी. इन्मासवाल्यांना हे ठाऊक होतंच. निरोगी मेंदू बचावतो का, हा त्यांच्या प्रश्नाचाच भाग होता. २००५मध्ये पुढचा अहवाल आला. काही रुग्णांची कवटी पुन्हा उघडावी लागली तेव्हा गाठ मेलेली आणि शेजारचा मेंदू शाबूत दिसला, असं या गटाने नोंदवलं. चांगलंच झालं. पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शाबूत दिसणं वेगळं आणि त्या पेशींच्या धन्याला सकाळी काय ठरलं ते दुपारी आठवणं वेगळं. माझा सगळा धंदा या दुसऱ्या गोष्टीचा.

मी नागपूरची. लग्न होऊन दिल्लीला आले, सरकारी क्वार्टरांत संसार केला आणि निवृत्तीपर्यंत मानसशास्त्रज्ञ म्हणून मेंदूचे रुग्ण तपासले. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला टाके नुकतेच सुकलेलं डोकं, मध्ये लाल-पांढरे ठोकळे, स्टॉपवॉच आणि उत्तरपत्रिका. डॉक्टर मंडळी आमच्याकडे रुग्ण पाठवायची ती बहुधा नातेवाइकांनी फारच धोशा लावला की.

याला कारणही होतं. मेंदूच्या गाठीवरच्या शेकाचा इतिहास आठवड्यांच्या हिशेबाने लिहिला गेलाय. १९७८ साली अमेरिकेत वॉकर यांच्या गटाची चाचणी प्रसिद्ध झाली. जहाल गाठीची शस्त्रक्रिया करून नुसती शुश्रूषा केलेले रुग्ण मध्यकानुसार १४ आठवडे जगले, शेक घेतलेले ३५. या एकवीस आठवड्यांसाठी भांडणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचा पाढा चुकतो का हे विचारायची सवड कुठली? प्रश्न पुढे आला तो जगलेल्यांमुळे. रक्ताच्या कर्करोगातून बरी झालेली मुलं आधी; त्यांच्या डोक्याला खबरदारी म्हणून शेक दिलेला असायचा, आणि ती शाळेत मागे पडू लागली. मग १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या लिसा डीएंजेलिस यांनी १२ रुग्णांची हकीकत छापली. मेंदूत पसरलेला कर्करोग शेकाने गेला, रुग्ण बरे म्हणून घरी गेले आणि काही महिन्यांनी चाल अडखळू लागली, लघवीवरचा ताबा सुटला, स्मृती गेली. गाठीचा मागमूस नाही, तरी माणूस हरवलेला. त्यांना एका वेळी ३ ते ६ ग्रेपर्यंतचे हप्ते दिले गेले होते.

आता, माणूस किती हरवला हे मोजायचं कशाने? या प्रश्नाचा इतिहास मला शेकयंत्रांच्या इतिहासापेक्षा जास्त रंजक वाटतो, आणि त्यात आपल्या मुलखाचा वाटा मोठा आहे. बुद्धी मोजायची बिने यांची फ्रेंच चाचणी अमेरिकेमार्गे आपल्याकडे आली ती धारवाडला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात. तिथे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांसाठी ती नव्याने बसवली आणि १९४०मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बिने-कामत चाचणी देशभर अजून वापरात आहे. वेक्सलर यांची मुलांची चाचणी १९६९मध्ये आर्थर मालिन यांनी आमच्या नागपुरात भारतीय मुलांसाठी तयार केली. दिल्लीच्या कुठल्याही बालमार्गदर्शन केंद्रात ‘मालिन काढा’ म्हटलं की ती पेटी येते. मालिन नागपूरचे, हे मी प्रत्येक नव्या शिकाऊ मुलीला सांगत असे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. प्रौढांच्या वेक्सलरची कृतिचाचणी प्रभा रामलिंगस्वामी यांनी बसवली, ती १९७४ साली दिल्लीच्याच मानसायन प्रकाशनाने काढली. चंडीगडच्या पीजीआयमध्ये द्वारका पर्शाद आणि एन. एन. विग यांची स्मृतिचाचणी १९७७ची. एम्सच्या न्यूरोसर्जरीत, १९६५ साली डॉ. प्रकाश नारायण टंडन आणि डॉ. ए. के. बॅनर्जी यांनी उभ्या केलेल्या त्या विभागात, पुढे हिंदीतली स्वतःची चाचणीमाला तयार झाली. सूर्या गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ती २०००मध्ये प्रसिद्ध केली, १६० प्रश्नांची. लेखकांच्या यादीत टंडनही आहेत. हात हलवण्यापासून हिशेबापर्यंत मेंदूचा एकेक प्रांत ती तपासते.

पण या सगळ्यांत माझी लाडकी चाचणी बल्लभगढची. फरिदाबादच्या पुढे, आता मेट्रो जाते तिथे, एम्सचा ग्रामीण प्रकल्प १९६५पासून आहे. १९९०च्या दशकात तिथल्या २८ खेड्यांतल्या म्हाताऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश किती, हे शोधायला भारतीय आणि पिट्सबर्गच्या संशोधकांची मोहीम निघाली. विजय चंद्रा आणि मेरी गांगुली ही त्यातली प्रमुख नावं. हाताशी फोल्स्टीन यांची १९७५ची छोटी चाचणी होती, जगभर चालणारी. तिच्यात १०० मधून ७ वजा करत जा, कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, असली कामं. बल्लभगढच्या खेड्यांत पंचावन्नच्या पुढचे चारांतले जवळजवळ तीन जण निरक्षर. ते सगळे वेडे ठरले असते.

मग मंडळींनी ती चाचणी मुळापासून उसवली. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन, तेही जमलं नाही तर आठवड्याचे वार उलटे सांगा. ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी, माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करते तसं करा. वाक्य लिहा याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोला. तारखेइतकाच, आता सकाळ आहे की दुपार की संध्याकाळ, हा प्रश्न महत्त्वाचा. आणि लक्षात ठेवायला तीन वस्तू: आम, कुर्सी, सिक्का. १९९५मध्ये ही हिंदी चाचणी छापून आली आणि दिल्लीच्या सरकारी रुग्णालयांत तिच्या झेरॉक्स पसरल्या. गाठीच्या रुग्णांसाठी ती बनलेलीच नव्हती. पण बिहारहून, बुलंदशहरहून आलेल्या, कधी शाळेत न गेलेल्या माणसाला शेकानंतर काही विचारायचं तर हाच कागद होता. फुटपाथवर पथारी टाकून रोजच्या सिकाईची वाट पाहणाऱ्या बाईला ‘आम, कुर्सी, सिक्का’ विचारताना निदान मान खाली घालावी लागत नसे.

त्या कागदाची मर्यादा मला एका आपल्याच माणसाने दाखवली. चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत सोनं गाळणारे बरेच जण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडीकडचे. भट्टी, मूस, तेजाबाचा वास आणि मराठीत चाललेला हिशेब; दिल्लीकर सराफ बिनदिक्कत सोनं ठेवून जातो, कारण गलाईवाल्याचा शब्द म्हणजे पावती. असा एक चाळिशीतला गलाईवाला बायकोबरोबर माझ्याकडे आला. संथ जातीची गाठ, काही वर्षांपूर्वी काढलेली, मग कोबाल्टचा शेक. त्या काळी बऱ्याच ठिकाणी शेक कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंनी समोरासमोर द्यायचे. गाठ एका बाजूला असली तरी किरण या कानशिलातून त्या कानशिलाकडे आरपार जायचे.

मी आधी बल्लभगढचा कागद काढला. एकही गुण गेला नाही. मला जरा गंमत वाटली, म्हणून त्यांच्याच धंद्यातलं विचारलं, ‘दादा, ५२ ग्रॅमची लगड, टंच ८५, शुद्ध किती?’ ‘चव्वेचाळीस पूर्णांक दोन,’ मी पेन उचलायच्या आत. मग मी दहा शब्दांची यादी वाचली. पहिल्या वेळी सहा, तिसऱ्या वेळी आठ शब्द त्यांनी परत दिले. अर्धा तास ठोकळे, चित्रं, आकडे झाले आणि मी म्हटलं, मघाचे शब्द सांगा बरं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ‘कुठलं शब्द, ताई?’

बायकोला चाचणीची गरज नव्हती. ती म्हणाली, ‘माणूस हाय तसाच हाय, ताई. भट्टी लावत्यात, टंच काढत्यात. पर दोन गिऱ्हाइकं एका वक्ताला आली की कुणाची लगड कुणाची ते ऱ्हात न्हाई. आता माझा भाऊ बसतोय संगं, चिठ्ठ्या लावून.’ दोन सराफांचा माल अदलाबदल झाला होता. वजन भरून दिलं होतं, पण कूचा महाजनीत बातमी फिरायची ती फिरली.

पाठ झालेला हिशेब शाबूत, नवं टिकवणं गेलेलं, आणि दोन कामं एकदम सांभाळणं तर त्याहून. पुढे शास्त्राने याचं कारण बरंच उलगडलं. कानशिलाच्या आत, टेम्पोरल लोबच्या पोटाशी हिपोकॅम्पस असतो. नवी आठवण आधी तिथे धरली जाते. २००२मध्ये मिशेल मोंजे आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की शेकामुळे तिथे सूज राहते आणि नव्या चेतापेशी जन्मणं जवळपास थांबतं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या मार्टिन क्लाइन यांच्या अभ्यासात संथ गाठीच्या रुग्णांपैकी स्मृतीचं नुकसान दिसलं ते मुख्यतः २ ग्रेपेक्षा मोठे हप्ते घेतलेल्यांत. २००९मध्ये त्याच रुग्णांकडे, सरासरी बारा वर्षांनी, पुन्हा पाहिलं तेव्हा मात्र लहान हप्तेवाल्यांचंही लक्ष ढळू लागलेलं सापडलं. म्हणजे बारा वर्षं वाट पाहिली म्हणून कळलं.

पण गलाईवाल्या दादांच्या अहवालात ‘शेकामुळे’ हा शब्द मी लिहू शकले नाही. गाठ होती, शस्त्रक्रिया झाली होती, झटके येत होते, त्यांवरच्या एप्टॉइनच्या गोळ्या चालू होत्या. यांतली प्रत्येक गोष्ट स्मृतीला चाटून जाते. शेकाआधी हेच दहा शब्द कुणी विचारून ठेवले असते तर वजाबाकी करता आली असती. फायलीत शस्त्रक्रियेची टिपणं होती, ग्रेची बेरीज होती, रक्ताचे अहवाल होते. माणसाबद्दल एक ओळ होती: शुद्धीत, सहकार्य करतो.

ही वजाबाकी आपल्या देशात नीट झाली ती मुंबईला, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात. डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१पासून ३ ते २५ वयाचे, सौम्य किंवा संथ गाठीचे २०० तरुण रुग्ण घेतले. सर्वांना ५४ ग्रे, ३० हप्त्यांत. चिठ्ठी टाकून निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने, निम्म्यांना गाठीच्या आकाराला घट्ट बसणाऱ्या स्टिरिओटॅक्टिक पद्धतीने. मुख्य प्रश्न जगण्याचा नव्हताच. बुद्धी आणि संप्रेरकं किती टिकतात, हा होता. म्हणून प्रत्येकाची बुद्धिचाचणी शेकाआधी, आणि मग पाच वर्षं ठरावीक अंतराने. २०१७मध्ये निकाल छापला. घट्ट शेकवाल्यांची बुद्धी जास्त टिकली, संप्रेरकांचा नवा बिघाड त्यांच्यात ३१ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५१. जगण्यात ठळक फरक नाही. त्याआधी २०१०मध्ये याच गटाने, लहानशा नमुन्यावर का होईना, एक उंबरठा सांगितला होता: डाव्या टेम्पोरल लोबच्या १३ टक्क्यांहून जास्त भागाला ४३.२ ग्रेपेक्षा अधिक मात्रा गेली तर बुद्ध्यंक घसरतो. ‘फार शेक लागला’ या नातेवाइकांच्या तक्रारीला असा आकडा मिळालेला मी प्रथम तिथे पाहिला. माझ्या मते भारतीय कर्करोगशास्त्रातलं हे सर्वांत शहाणं काम आहे, आणि ते शक्य झालं ते महागड्या यंत्राइतकंच वर्षानुवर्षं ठोकळे मांडून बसणाऱ्या मानसशास्त्रज्ञांमुळे.

दिल्लीत यंत्रं आलीच. एम्सची गॅमा नाइफ १९९७ची. २०१०मध्ये मायापुरीच्या भंगारात दिल्ली विद्यापीठाची जुनी कोबाल्टची पेटी फुटली आणि एक कामगार गेला, तेव्हा माझ्यासमोर बसलेले रुग्ण विचारायचे, ‘मॅडम, हमें भी वही वाला लगा है क्या?’ काय सांगणार? धातू तोच होता. नंतर शेकाची लिनॅक यंत्रं वाढली. झज्जरला एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९मध्ये सुरू झाली. गुरुग्रामच्या खाजगी रुग्णालयांत हिपोकॅम्पस वगळून शेक देण्याची भाषा आता सर्रास ऐकू येते, आणि तिला आधार आहे: अमेरिकेतल्या ५१८ रुग्णांच्या चाचणीत, मेमँटीनच्या गोळीसोबत हिपोकॅम्पस वाचवला तर बुद्धी ढासळण्याचा धोका सुमारे चौथ्या हिश्श्याने घटला, असं २०२०मध्ये दिसलं. ही चाचणी मेंदूत पसरलेल्या कर्करोगाची. गाठ हिपोकॅम्पसला खेटून असेल तर हा उपाय चालत नाही, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं.

आणि तरीही निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक फायली घेऊन घरी येतात तेव्हा मी पहिल्यांदा एकच पान शोधते, आणि ते बहुतेक वेळा नसतं. शेकाचा रंगीत नकाशा असतो, हिपोकॅम्पसला किती मात्रा गेली ते दशांशापर्यंत असतं, पण त्या हिपोकॅम्पसने शेकाआधी किती शब्द धरले होते ते कुठेच नसतं.

म्हणून दिल्लीत, पुण्यात, कुठेही असाल, घरातल्या कुणाला मेंदूचा शेक सांगितला असेल तर माझं एवढं ऐका. गरम पाण्यातून काढलेली जाळी तोंडावर दाबून मास्क बनवायला बोलावतात, त्या दिवसाच्या आधी स्मृती आणि लक्षाची चाचणी मागा. तास-दीड तास लागतो. नुसत्या ‘आम, कुर्सी, सिक्का’वर भागवू देऊ नका, उशिराने आठवायची शब्दांची यादी हवीच, आणि माणूस हिशेब मराठीत करत असेल तर चाचणीही मराठीतून मागा. घरी एका वहीत तो रोज काय काय आपलं आपण करतो ते लिहा: गॅसचा नंबर लावतो, दोन भाज्या एकदम टाकतो, नातवाला गृहपाठ सांगतो. सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करा, मग दरवर्षी. शेक टाळू नका. गरज असते म्हणूनच तो देतात. अहवालाची एक प्रत मात्र घरच्या कपाटात ठेवा. रुग्णालयातल्या जुन्या फायली मिळत नाहीत.